व्हिएतनामी मुलांसाठी इंग्रजी उतारे : विषय किती बदलावेत?

मधुमालती | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, तोही आडवळणाच्या विषयावर. सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही चार वर्षं हो चि मिन्ह सिटीत आहोत, सातव्या जिल्ह्यात. म्हणजे जुलै २०२५ पासून सरकारने जिल्हा ही पातळीच काढून टाकली, पण टॅक्सीवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे अजून 'सातवा'च म्हणतात. शहरालाही सायगाव म्हणतात, तसंच. दर शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती इमारतीतली पाच मुलं जमतात, अकरावी-बारावीची. फी घेत नाही. त्यांच्या आया सीताफळं पाठवतात, इकडे त्यांना मांग काउ म्हणतात. मुलं मला 'को' म्हणतात. को म्हणजे बाई, आणि को म्हणजे आत्याही, त्यामुळे ओरडायचा हक्क आपोआप मिळतो.

शिकवते ते फक्त इंग्रजी उताऱ्यांचं आकलन, कारण घोडं तिथेच अडलंय. गाळलेल्या जागा ही मुलं झोपेत भरतील. पण इथली बारावीची राष्ट्रीय परीक्षा २०२५ पासून बदलली. आधी ६० मिनिटांत ५० प्रश्न असायचे, आता ५० मिनिटांत ४०. इंग्रजी सक्तीचंही राहिलं नाही. गणित आणि साहित्य सगळ्यांना, बाकीचे दोन विषय आपण निवडायचे. उच्चाराचे आणि शब्दात जोर कुठे द्यायचा याचे सुटे प्रश्न गेले आणि बहुतेक पेपर मजकुरावर आला : पत्रकं, सूचना, विस्कटलेली वाक्यं क्रमाने लावणं, आणि दोन मोठे उतारे, एक आठ प्रश्नांचा, एक दहा प्रश्नांचा. नव्या पद्धतीचा पहिलाच पेपर इतका अवघड निघाला की देशभर बोंब झाली. त्या धास्तीने ही पाच जणं माझ्या टेबलापाशी आली.

आता मूळ दुखणं. येताना मुलांनी एका क्लासचं जाडजूड पुस्तक आणलं. त्यात शंभर उतारे आणि शंभर विषय. पहिला पेंग्विनांवर, दुसरा शेअर बाजारावर, तिसरा पिरॅमिडवर, चौथा झोपेच्या आजारांवर. परीक्षेत काहीही येऊ शकतं, म्हणून सगळ्यांची तोंडओळख हवी, असा त्यामागचा हिशेब. आम्ही इमानेइतबारे चाळीस उतारे केले. पहिल्या उताऱ्याला दहापैकी सहा गुण होते, चाळिसाव्यालाही सहाच. मुलं हुशार आहेत, मेहनती आहेत, मग अडतंय कुठे? विविधता हवी हे मान्य, पण इतकी हवी का? कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

---

झणझणीत_मिसळ | रविवार, रात्री १०:०५

शब्दसंग्रह कमी पडतोय, बाकी काही नाही. रोज २० शब्द पाठ करून घ्या, सहा महिन्यांत ३६०० होतात. हाकानाका.

---

मधुमालती | रविवार, रात्री १०:१२

पाठ करण्यात व्हिएतनामी मुलांचा हात कुणी धरणार नाही हो. त्यांच्या वह्या बघाल तर चक्कर येईल. माझ्या टेबलावरच्या एकीला 'फोटोसिंथेसिस' येतं, 'अनप्रेसिडेंटेड' येतं, आणि तरी परिच्छेद संपला की विचारते, 'को, मग झालं काय?'

---

निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी ६:५०

ताई, मी मिरजेकडचा. एकतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. तुमच्या मुलांचा देश वेगळा असला तरी रोग ओळखीचा वाटतो. आमची पोरं काय करायची सांगतो. प्रश्नात एखादा मोठा शब्द दिसला की तो उताऱ्यात शोधायचा, सापडला की ते अख्खं वाक्य उत्तर म्हणून उतरवून काढायचं. निम्मे गुण मिळायचे, त्यामुळे सवय मोडायची नाही. उतारा वाचलेलाच नसायचा, नुसता चाळलेला असायचा, गव्हातले खडे वेचल्यासारखा.

तुमची मुलं चुकतात ती नेमकी कुठल्या प्रश्नाला चुकतात? गुण सांगू नका, चुका सांगा.

---

मधुमालती | सोमवार, रात्री ११:२०

मास्तर, या प्रश्नाबद्दल साष्टांग नमस्कार. आज चाळीसही उतारे काढून बसले. चुका विषयावर ठरत नाहीत. पेंग्विन असो की पिरॅमिड, घोळ त्याच दोन-तीन जागी होतोय. एक जागा सविस्तर सांगते.

कॉफीवरच्या उताऱ्यात हे वाक्य होतं : 'द बीन्स पिक्ड अर्ली वेअर सोल्ड टू ट्रेडर्स हू हॅड लेंट द फार्मर्स मनी.' प्रश्न असा की आधी काय घडलं, कर्ज, तोडणी की विक्री? पाचही जणांनी लिहिलं : तोडणी, विक्री, कर्ज. म्हणजे शब्द ज्या क्रमाने आले त्या क्रमाने.

मला वाटलं होतं 'पिक्ड'पाशी अडतील. तसं झालं नाही, कारण 'लवकर तोडलेली कॉफी' अशी रचना त्यांच्या भाषेतही सहज होते. अडलं ते 'हॅड'पाशी. व्हिएतनामी भाषेत क्रियापदाला काही चिकटत नाही. 'जा' हा शब्द काल, आज, उद्या तसाच. काळ दाखवायचाच असेल तर आधी 'दा' किंवा 'से' असा छोटा शब्द ठेवतात, आणि संदर्भावरून कळत असेल तर तोही गाळतात. त्यामुळे इंग्रजी वाचताना शेपटाकडे आणि 'हॅड'सारख्या किरकोळ शब्दांकडे डोळा थांबतच नाही. त्यांना 'लेंट'चा अर्थ माहीत होता. 'हॅड' हा अर्थ असलेला शब्द आहे हे माहीत नव्हतं.

आणि या एका वाक्यात अख्ख्या उताऱ्याची गोम होती. व्यापाऱ्यांनी आधीच कर्ज दिलेलं, म्हणून शेतकऱ्याला कच्चीपक्की कॉफी लवकर तोडून त्यांनाच विकावी लागली. क्रम उलटा वाचला की लेखक कशावर चिडलाय तेच कळत नाही.

दुसरी जागा ऐकून तर मी उडालेच. कर्मणी प्रयोग. व्हिएतनामीत त्यासाठी दोन शब्द आहेत : 'दुअक' आणि 'बि'. जे घडलं ते त्या माणसासाठी बरं असेल तर दुअक, वाईट असेल तर बि. बक्षीस दिलं गेलं तर दुअक, चावा घेतला गेला तर बि. 'ही वॉज मूव्ह्ड टू द हनोई ऑफिस' हे वाक्य आलं तेव्हा एकीने हात वर केला : 'को, दुअक की बि?' आपण 'त्याची हनोईला बदली झाली' म्हणून मोकळे होतो; त्यांना बढती की शिक्षा हे ठरवल्याशिवाय वाक्य मनात बसवताच येत नाही. आणि इंग्रजी तर ते सांगायला तयार नाही. मग मुलं अंदाजाने एक बाजू धरतात, आणि 'लेखकाचा सूर कोणता' या प्रश्नाला ती धरलेली बाजू उत्तर म्हणून येते.

---

कोपऱ्यातला_चहा | मंगळवार, सकाळी ८:१५

दुअक आणि बि! मराठीत पाहिजे होतं राव. 'मला मीटिंगला बोलावण्यात आलं (बि).'

---

हनोईचा_वाटसरू | मंगळवार, दुपारी १:३०

मधुमालतीताई, मी तुमच्या उत्तरेला, हनोईत. सॉफ्टवेअर कंपनीत आहे, हाताखाली बावीस व्हिएतनामी इंजिनियर. (आणि इकडे सीताफळाला 'ना' म्हणतात. दक्षिणेतला शब्द वापरला की लोक गालात हसतात.)

मोठ्यांची गोष्ट सांगतो. इथे बऱ्याच विद्यापीठांत पदवी हातात पडायला इंग्रजीचं प्रमाणपत्र लागतं. कुणी टोइक (नोकरीतल्या इंग्रजीची आंतरराष्ट्रीय परीक्षा) देतं, कुणी व्हीस्टेप. व्हीस्टेप ही व्हिएतनामची स्वतःची परीक्षा, २०१४ साली आणलेल्या सहा पातळ्यांच्या चौकटीवर बेतलेली. तिच्या वाचनात चार उतारे, ४० प्रश्न, एक तास. टोइकचं वाचन म्हणजे ७५ मिनिटांत १०० प्रश्न, त्यातले ५४ एकट्या सातव्या भागात : मेल, नोटिसा, जाहिराती, चॅट.

माझी टीम डेटाबेसचं शंभर पानी मॅन्युअल इंग्रजीत वाचते आणि चूक काढून दाखवते. त्याच टीमला इमारतीच्या व्यवस्थापनाची अर्ध्या पानाची इंग्रजी नोटीस आली, पार्किंगची जागा बदलण्याबद्दल. सोमवारी सात जणांच्या स्कूटर चुकीच्या तळघरात. मॅन्युअलमधला प्रत्येक शब्द त्यांच्या रोजच्या कामातला आहे, पार्किंगच्या नोटिशीतला 'अनलेस अदरवाइज स्टेटेड' नाही. तेव्हापासून मी 'अमक्याचं वाचन चांगलं आहे' असं म्हणायचं सोडलंय. कशाचं वाचन, ते विचारतो.

---

पुस्तकी_किडा | मंगळवार, रात्री १०:५०

हनोईकर म्हणतात त्यावर बरंच काम झालेलं आहे, म्हणून वामकुक्षी सोडून (रात्रीची) लिहितो.

१९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेतल्या ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि ते आठवून मांडायला लावलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली.

त्याआधीचा एक प्रयोग आपल्याला जास्त जवळचा. १९७९. स्टेफनसन, जोग-देव आणि अँडरसन. होय, जोग-देव, आडनाव वाचून मीही थबकलो होतो. त्यांनी अमेरिकन आणि भारतीय अशा दोन गटांना दोन पत्रं वाचायला दिली, एक अमेरिकन लग्नाचं, एक भारतीय लग्नाचं. भाषा इंग्रजीच. ज्याने त्याने आपल्याकडच्या लग्नाचं पत्र भरभर वाचलं आणि जास्त तपशील आठवले. मजा चुकांमध्ये आहे. अमेरिकन नवरीने आजीचा लग्नातला झगा घातला होता. तिकडे ती कौतुकाची परंपरा. एका भारतीय वाचकाने नोंदवलं की नवरी बरी दिसत होती, पण झगा फारच जुना आणि फॅशन गेलेला होता. एकही शब्द अडलेला नाही, आणि अर्थ मात्र पार उलटा.

मिसळ यांच्या शब्दांच्या मुद्द्यातही तथ्य आहे. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात असं दिसलं की कुणाच्या मदतीविना गोष्ट नीट समजायला शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे ३५० शब्दांच्या उताऱ्यात अनोळखी शब्द सातच्या आसपास. क्लासच्या पुस्तकात किती निघतात, मोजून बघा.

---

मधुमालती | बुधवार, सकाळी ७:३०

मोजले. शेअर बाजाराच्या उताऱ्यात मुलांनी सरासरी ३१ शब्दांखाली रेघा मारल्यात. पेंग्विनांच्यात १९. म्हणजे आम्ही वाचत नव्हतो, कोडं सोडवत होतो. आणि पेंग्विनांसाठी शिकलेला 'फ्लिपर' पुढच्या ९९ उताऱ्यांत परत भेटणार नाही.

---

झणझणीत_मिसळ | बुधवार, सकाळी ९:००

बघा, शब्दच निघाले ना शेवटी! आणि किडेसाहेबांचं खरं धरलं तर उपाय सोपा आहे. सगळे उतारे व्हिएतनामवरच द्या. टेत, भातशेती, कॉफी, सोन दूंग गुहा. पोरं खूश.

---

मधुमालती | बुधवार, रात्री ९:१०

करून पाहिलंय, आणि तोंडावर आपटलेय. टेतवरचा उतारा होता, म्हणजे त्यांच्या नववर्षावरचा. त्यात बान्ह चुंग असतोच : चिकट तांदूळ, मुगाची डाळ आणि डुकराचं मांस हिरव्या पानात चौकोनी बांधून तासन् तास उकडतात. खाली विधानं, आणि प्रत्येकासमोर 'ट्रू', 'फॉल्स' किंवा 'नॉट गिव्हन' लिहायचं, आयेल्ट्समध्ये असतं तसं. (पाचपैकी तिघांना पुढे तीही द्यायची आहे. तिथे एका तासात तीन लांबलचक उतारे, ४० प्रश्न.) एक विधान : 'घरातले सगळे रात्रभर चुलीपाशी जागतात.' पाचही जणांचं उत्तर 'ट्रू'. उताऱ्यात रात्रीचा उल्लेखसुद्धा नव्हता. मी दाखवलं तर एक मुलगा म्हणाला, 'पण को, आम्ही जागतो!'

मी काय उत्तर देणार? खरंच जागतात. ओळखीच्या विषयावर मुलं उतारा वाचतच नाहीत, स्वतःच्या आजीला आठवतात.

---

निवृत्त_मास्तर | गुरुवार, सकाळी ६:४०

हे आमच्याकडे गणेशोत्सवाच्या उताऱ्याला व्हायचं. मी पाटीवर मधोमध रेघ मारायला लावायचो. उतारा वाचायच्या आधी डावीकडे 'मला ठाऊक आहे ते' लिहायचं. मग वाचताना उजवीकडे 'कागदावर आहे ते', ओळ क्रमांकासह. उत्तर फक्त उजवीकडून द्यायचं. पहिल्या आठवड्यात पोरं वैतागतात, कारण डावी बाजू भरलेली आणि उजवी रिकामी दिसते.

पण ताई, एक सुचवतो. घरचं चालत नाही आणि पेंग्विनही चालत नाहीत, तर मधलं काहीतरी द्या. विषय घरचा, गाव परकं.

---

पुस्तकी_किडा | गुरुवार, सकाळी १०:२०

मास्तरांना +१. एकाच विषयावर सलग बरेच मजकूर वाचायचे, म्हणजे तेच शब्द नव्या वाक्यांत परत परत भेटतात, ही सूचना परकी भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी फार पूर्वीच केलेली आहे.

---

मधुमालती | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:३०

धागा वर आणतेय. मास्तरांचं वाक्य फ्रिजवर चिकटवलं होतं : विषय घरचा, गाव परकं.

विषय घेतला पाणी. क्लासचं पुस्तक बंद. एका विषयाला तीन शनिवार, प्रत्येक शनिवारी एकच उतारा, जरा दूर सरकत जाणारा. अनोळखी शब्द दहाच्या आत येतील इतपत मीच लिहिले.

पहिल्या शनिवारी मेकाँग. २०१६ च्या सुरुवातीला तिथल्या त्रिभुज प्रदेशात भयंकर दुष्काळ पडला, नदीला जोर राहिला नाही आणि समुद्राचं खारं पाणी आत घुसून भातं करपली. दोघांचं आजोळ तिकडचं. डावी बाजू भरगच्च. ड्रॉट, सॅलिनिटी, अपस्ट्रीम, शॉर्टेज, क्रॉप फेल्युअर हे शब्द घरच्याच गोष्टीत शिकून झाले.

इथे एक गंमत हाती लागली. 'हायड्रोइलेक्ट्रिक' शब्दापाशी सगळे थबकले. मी विचारलं, तुमच्यात काय म्हणता? 'थ्वी दिएन'. थ्वी म्हणजे पाणी, दिएन म्हणजे वीज. अरे, जल आणि विद्युत! चिनीतून आलेले असे शब्द व्हिएतनामीत ढिगाने आहेत आणि अवघड शब्द त्यांतूनच घडवलेत, आपण संस्कृतातून घडवले तसेच. सिन्ह होक म्हणजे जीव-शास्त्र, म्हणजे बायोलॉजी. मग फळ्यावर तीन रकाने : त्यांचा शब्द, इंग्रजी, आणि हौसेखातर मराठी. आता लांब शब्द दिसला की घाबरण्याऐवजी फोडायला बघतात. वीस शब्द पाठ करण्यापेक्षा हे बरं, मिसळ यांची माफी मागून.

दुसऱ्या शनिवारी लातूर. तेच २०१६ साल. एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी भरलेली रेल्वे लातूरला गेली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. शब्द जवळजवळ तेच, पण इथे कुणाची आजी मदतीला नाही. डावी बाजू कोरी. पहिल्यांदाच पाचही जणांना ओळीवर बोट ठेवून वाचताना पाहिलं. आणि मी मुद्दाम 'हॅड' पेरले होते : गाडी आली तोवर गावातले नळ बंद होऊन किती दिवस लोटले होते वगैरे. क्रमाच्या प्रश्नाला चौघं बरोबर. पाचव्याने 'हॅड'भोवती गोल केला होता, पण उत्तर चुकवलं. गोल केला हेच पुष्कळ.

आज तिसरा, एल निन्यो. निव्वळ विज्ञान : प्रशांत महासागराचं पाणी तापतं कसं, वारे मंदावतात कसे, आणि २०१५-१६ ला त्याचा फटका कुठे कुठे बसला. पंधरवड्यापूर्वी दिला असता तर पेंग्विनांसारखीच गत झाली असती. आज एकीने मध्येच टेबलावर हात आपटला, 'को! म्हणजे मेकाँग आणि ती रेल्वे एकाच कारणाने?' मी म्हटलं, एवढंच एक कारण नव्हतं, पण उताऱ्यात काय लिहिलंय ते बघ. बघितलं, आणि 'वन ऑफ द कॉजेस'खाली रेघ मारली.

गुण : सात, सात, आठ. फार उड्या मारण्यासारखं नाही. पुढचा विषय कचरा घेतेय, कारण पर्यावरण इकडच्या उताऱ्यांत वारंवार असतं. त्यानंतर कामधंदा. वर्षभरात शंभर विषय होणार नाहीत, जेमतेम बारा होतील.

---

झणझणीत_मिसळ | शनिवार, रात्री १०:५५

माफी मंजूर. तीन रकान्यांचा फळा आवडला, फोटो टाका.

---

हनोईचा_वाटसरू | रविवार, सकाळी ८:००

ताई, एकच शंका. परीक्षेत घड्याळ असतं. बोट ठेवून वाचणाऱ्यांचं ५० मिनिटांत ४० प्रश्नांचं कसं व्हायचं?

---

मधुमालती | रविवार, सकाळी ९:२५

आत्ता होणार नाही. घड्याळ मी टेबलावरून उचलूनच ठेवलंय. तिसऱ्या उताऱ्याला पहिल्यापेक्षा सहा मिनिटं कमी लागली, एवढं चोरून मोजलंय. शेवटचे दोन महिने घड्याळ लावू. तोवर आयांची सीताफळं थांबली नाहीत म्हणजे मिळवलं.

मास्तर, तुमच्यासाठी एक निरोप आहे. लातूरच्या उताऱ्याखाली विधान होतं : 'गाडीतलं पाणी धरणातून आणलं होतं.' त्या हात आपटणारीने 'नॉट गिव्हन' लिहिलं, बरोबर. मग वही मिटून म्हणाली, 'पण को, खरंच कुठलं होतं?' मला सांगता येईना.

---

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ९:४०

कृष्णेचं. त्या दिवसांत मिरज स्टेशनात वाघिणी भरत होत्या आणि बघायला ही गर्दी. कृष्णा म्हणजे आमची नदी, असं सांगा तिला.

---

मधुमालती | रविवार, सकाळी १०:०५

लगेच मेसेज केला. उत्तर आलं : 'थँक यू को. पण पेपरात मी नॉट गिव्हनच ठेवणार.'